मुलांचा राग, धास्ती आणि श्वास: घरी आणि वर्गात योग व सजगता कशी घ्यायची?

पंचगंगाकाठ (शालेय समुपदेशक)

शाळा सुरू होऊन महिना झाला आणि कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे मेसेज घरोघरी फिरायला लागले. सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखणारी, रात्री दचकून उठणारी, जराशा कारणावरून अंगावर धावून जाणारी मुलं या दिवसांत हमखास दिसतात. त्यांना योग आणि सजगतेचा (आत्ता जे होतंय त्याकडं लक्ष देणं, शाळेच्या पत्रकात ज्याला माइंडफुलनेस म्हणतात) उपयोग होतो का, हे इथं बऱ्याच जणांनी सुट्या सुट्या प्रतिसादांत विचारलं होतं. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा.

मुख्य मुद्दा आधी सांगते. मूल रडत-ओरडत असताना पहिल्यांदाच त्याला श्वासाचा व्यायाम शिकवायला गेलात तर तो चालणार नाही. रंकाळा तलावात पडलेल्याला कुणी पोहायला शिकवत बसत नाही, आधी बाहेर काढतात. श्वासाचंही तसंच आहे. मूल निवांत असताना, पोट भरलेलं नसताना, रोज पाच-दहा मिनिटं सराव झालेला असेल तरच तो वाईट वेळी आठवतो. रविवारी तासभर करण्यापेक्षा रोज सात मिनिटं बरी.

दुसरी गोष्ट, "मोठा श्वास घे" ही सूचनाच चुकीची आहे. ती ऐकली की मूल खांदे वर उचलतं, तोंडानं हवा गिळतं आणि छाती फुगवून थांबतं. असं सात-आठ वेळा झालं की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, डोकं गरगरतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. आधीच घाबरलेलं मूल त्यानं आणखी घाबरतं. त्याऐवजी "आधी सोड" म्हणा. श्वास पूर्ण सोडला की पुढचा आपोआप आत येतो, तो घ्यायला शिकवावं लागत नाही. पतंजलींच्या समाधिपादातलं ३४ वं सूत्रसुद्धा 'प्रच्छर्दन' म्हणजे श्वास बाहेर टाकण्यापासूनच सुरू होतं. त्याच सूत्रात पुढं 'विधारण' आहे, म्हणजे रोखून धरणं. ते मुलांसाठी नाही, त्याबद्दल खाली कुणी जाणकार लिहितीलच.

सोडण्यावर भर का? श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. मुलांमध्ये हा फरक मोठ्यांपेक्षा ठळक असतो. दहा वर्षांच्या मुलाला मनगटाची नाडी शोधून द्या आणि संथ फुंकर मारायला सांगा, ठोके लांबलेले त्याला स्वतःच्या बोटांखाली कळतात. एकदा हे कळलं की पुढं पटवून द्यावं लागत नाही. (नाडी मनगटावरच शोधायची. गळ्याच्या दोन्ही बाजू एकदम दाबू देऊ नका.)

किती मोजायचं? इथं मोठी माणसं हमखास चुकतात, कारण ती स्वतःच्या श्वासाच्या हिशेबानं आकडे म्हणतात. सात-आठ वर्षांचं मूल बसल्या जागी मिनिटाला साधारण वीस श्वास घेतं, म्हणजे एका श्वासाला तीन सेकंद. त्याला एकदम दहा सेकंदांचा श्वास घ्यायला लावलं तर ते गुदमरतं आणि मध्येच हवा ओढतं. म्हणून:

५-६ वर्षं: आकडे नकोतच. गरम तांबड्या रश्श्याची वाटी हातात धरलीय असं समजून वास घ्यायचा आणि हळू फुंकायचं, पाच वेळा. रस्सा सांडेल इतक्या जोरानं फुंकायचं नाही, एवढं सांगितलं की फुंकर आपसूक लांबते. जत्रेतलं भिरभिरंही चालतं, पण ते जोरात नव्हे, जास्त वेळ फिरवायचं.

७-९ वर्षं: घेताना ३, सोडताना ४. आठ श्वास.

१०-१२ वर्षं: घेताना ३, सोडताना ५. दहा श्वास.

१३ च्या पुढं: घेताना ४, सोडताना ६, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. तीन ते पाच मिनिटं.

मूल जांभया द्यायला लागलं, खांदे उचलायला लागलं किंवा तोंड उघडं ठेवून हवा ओढायला लागलं, तर आकडा एकानं कमी करा. श्वास पोटापर्यंत पोचतोय का हे बघायचं असेल तर उताणं झोपवून बेंबीवर पाव किलो तांदळाची पिशवी ठेवा. पिशवी वर-खाली होते की नाही हे मुलालाच बघू दे.

आता घरचा वीस मिनिटांचा क्रम. आधी दमवायचं, मग थांबवायचं. दिवसभर बाकावर बसलेल्या मुलाला थेट डोळे मिटायला लावलं तर ते फक्त वळवळतं.

पहिली तीन-चार मिनिटं संथ सूर्यनमस्कार, चार पुरेत. नाही तर जागेवर धावणं. मग ताडासन आणि वृक्षासन. वृक्षासनात तळपाय पोटरीला किंवा मांडीला लावायचा, गुडघ्याला कधीच नाही, कारण गुडघ्याला बाजूनं दाब सोसत नाही. मूल भिंतीपासून हातभर अंतरावर उभं करा आणि समोरच्या एका ठिपक्यावर नजर ठेवायला सांगा. प्रत्येक पायावर १५ ते २० सेकंद. सजगता शिकवायला मला हे आसन सगळ्यात आवडतं, कारण लक्ष उडालं की तोल जातो आणि ते मुलाचं मुलालाच समजतं. आपल्याला टोकावं लागत नाही.

त्यानंतर जमिनीवर: मार्जारासन (हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन) सहा वेळा (पाठ वर नेताना श्वास सोडायचा), भुजंगासन (पालथं झोपून छाती उचलणं) कोपरं जमिनीवर ठेवूनच, दोनदा, आणि शशांकासन (वज्रासनात बसून पुढं वाकणं) आठ श्वासांइतकं. शशांकासनात कपाळ जमिनीला टेकत नसेल तर दोन मुठी एकावर एक ठेवून त्यावर टेकवा. कपाळाला आधार मिळाला नाही तर मानेचे स्नायू ताणलेलेच राहतात आणि आसनाचा हेतूच जातो. मग वरच्या तक्त्यातला श्वास किंवा पाच वेळा भ्रामरी (ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं). शेवटी शवासन, वयाच्या वर्षाला अर्धा मिनिट या हिशेबानं. आठ वर्षांच्या मुलाला चार मिनिटं झाली. वर चादर घाला. पावसाळ्यात शहाबादी फरशीला ओल येते, त्यावर योगा मॅट सरकते आणि शवासनात अंग गार पडलं की मूल चुळबुळतं. मॅटखाली सतरंजी किंवा नुसतं घोंगडं जास्त बरं.

सहावी_ब

ताई, घरचं कळलं. वर्गात ४५ मुलं, दोन बाकांमध्ये हात पसरायला जागा नाही, मधल्या सुट्टीनंतर पहिली दहा मिनिटं गोंगाट आवरण्यात जातात. पाच मिनिटांत, बाकावर बसूनच काही होईल का? आणि घंटा वाजवून सुरुवात करावी का? सगळीकडे तेच सांगतात.

पंचगंगाकाठ

होईल सर. हा क्रम करून बघा, साडेचार-पाच मिनिटं लागतात.

एक: उभं राहून दोन्ही तळहातांनी बाक खाली दाबायचा, सगळा जोर लावून, दहा सेकंद. सोडायचा. तीनदा. भिंतीजवळच्या मुलांनी भिंत ढकलायची. स्नायूंना जड काम मिळालं की खेळून आलेलं अंग लवकर निवतं. हा भाग गाळला तर पुढचं काही जमत नाही.

दोन: खांदे कानांपर्यंत उचलून एकदम टाकून द्यायचे, श्वास सोडत. चारदा.

तीन: बसायचं, दोन्ही तळवे जमिनीला. ज्यांचे पाय पोचत नाहीत त्यांनी दप्तरावर टेकवायचे. पाय लोंबकळत असले की मूल स्थिर बसत नाही, ही साधी गोष्ट विसरली जाते.

चार: एका हाताचा पंजा पसरून दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याची कड गिरवायची. बोटाच्या टोकाकडं जाताना श्वास आत, खाली उतरताना बाहेर. पाच बोटं, पाच श्वास. गिरवण्याचा वेग मुलानं स्वतः ठरवायचा. तुम्ही मोजू नका, ४५ जणांचा श्वास एका तालात येत नाही.

पाच: एक मिनिट फक्त आवाज ऐकायचे. लांबचा एक, मधला एक, आपल्या अंगातला एक. मग तिघा-चौघांना विचारायचं, "काय ऐकलंस?" एसटीचा हॉर्न, पत्र्यावरचा पाऊस, पोटातली गुडगुड, काहीही बरोबर.

घंटा चालेल, पण शाळेची नको. त्या घंटेला मुलांचे पाय आपोआप दाराकडं वळतात. पितळी टाळ किंवा काशाची वाटी घ्या. एकदाच वाजवा आणि "आवाज संपला असं वाटलं की हात वर करा" म्हणा. वर्गात एखादं मूल कानावर हात ठेवणारं असेल तर ती वाटीही नको, हात वर करून खूण करा.

बालरोग_शाहूपुरी

चांगला धागा. वैद्यकीय बाजू लिहितो, कारण योग नैसर्गिक आहे म्हणून कुणालाही काहीही चालतं असा समज घट्ट आहे.

मिरगी असलेल्या मुलाला जलद श्वसनाचा कुठलाही प्रकार द्यायचा नाही. काही प्रकारच्या फिट्स जोरजोरात श्वास घेतल्यानं सुरू होतात. मेंदूचा आलेख काढताना आम्ही मुद्दाम मुलाला तसा श्वास घ्यायला लावतो, तो याच कारणासाठी. अशा मुलाला संथ श्वास, आसनं, शवासन चालतात.

दम्याच्या मुलाचा इन्हेलर खोलीतच असावा, दप्तरात खालच्या मजल्यावर नाही. श्वास पूर्ण बाहेर काढायचा हट्ट नको, छातीत घरघर सुरू होते. ओठांचा चंबू करून फुंकणं त्यांना सोपं जातं.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो. कोलांटी, हलासन, मान जोरात वाकवणारं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तसं शीर्षासन, सर्वांगासन, हलासन वर्गात कुणालाच घेऊ नये. एका शिक्षकाला ४० माना सांभाळता येत नाहीत.

हर्निया, पोटाची ताजी शस्त्रक्रिया, ताप, कान फुटलेला असताना डोकं खाली जाणारी आसनं बंद. भ्रामरीत कानाची पाळी पुढं दाबायची, बोट कानात खुपसायचं नाही. डोळ्यांवर बोटं दाबून धरायची जी पद्धत चित्रांत दाखवतात, ती मुलांना नकोच.

जेवणाचंही सांगतो. भरपेट जेवणानंतर तीन तास, दूध किंवा हलक्या नाश्त्यानंतर तास-दीड तास जाऊ द्यावा. आपल्याकडं पहाटे कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा मोठा ग्लास पाजून लगेच व्यायामाला पाठवायची सवय आहे. भुजंगासनात तेच दूध घशाशी येतं आणि मूल म्हणतं, मला योग आवडत नाही. (कच्चं दूध मुलांना न उकळता देऊच नये, हा वेगळा विषय.)

तालमीतला

नमस्कार. कपालभातीचं (पोटाला झटके देत भराभर श्वास सोडणं) विचारणार होतो. २१ जूनच्या कार्यक्रमात पाचवी-सहावीची पोरंसुद्धा मिनिटाला शंभर झटके मारताना दिसतात.

माझं मत सांगतो. तालमीत पोरांचा दम वाढतो तो जोर, बैठका, माती उकरणं आणि लढतीनं. बारा-तेरा वर्षांपर्यंत कुंभक (श्वास रोखणं), भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास), कपालभाती कशाचीच गरज नाही. जोर मारताना श्वास कोंडून धरणारी पोरं असतात, चेहरा लाल होतो, कपाळाची शीर फुगते. त्यांना पहिली शिकवण हीच, की खाली जाताना घ्यायचा, वर येताना सोडायचा, आणि मोजायचं तर मोठ्यानं मोजायचं. आकडा तोंडातून बाहेर पडतोय म्हणजे श्वास कोंडलेला नाही.

मेहनत झाल्यावर पोरं लगेच कपडे घालून पळतात. तिथं पाच मिनिटं मकरासनात पालथं पडायला लावावं. उताणं झोपलं की पोरं एकमेकांकडं बघून खुदखुदतात. पालथं झोपलं, कपाळ हातांवर ठेवलं की गप होतात, आणि पोट जमिनीला लागत असल्यानं श्वास पोटात चाललाय हे कळतं.

फुटबॉलवाल्या पोरांसाठी: पेनल्टीच्या आधी डोळे मिटून ध्यान करायला सांगू नका. वेळही नसतो आणि मैदानावर डोळे मिटले की भीती वाढते. बुटात पायाची बोटं जोरात आवळायची, एक लांब फुंकर, बोटं सोडायची, चेंडूवर नजर. चार सेकंदांचं काम आहे. पण सरावाच्या वेळी प्रत्येक किकआधी ते केलेलं पाहिजे, नाही तर सामन्यात आठवत नाही. ताईंनी पोहण्याचं सांगितलं तेच.

कागलकर

चर्चा चांगली आहे, पण एक मुद्दा मांडतो. ब्रिटनमध्ये मायरिअड नावाचा मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ८० हून जास्त शाळा, अकरा ते चौदा वयाची आठ हजारांवर मुलं. निम्म्या शाळांत शिक्षकांना प्रशिक्षण देऊन सजगतेचे तास घेतले, बाकीच्या शाळांत नेहमीचं भावनिक शिक्षण. वर्षभरानंतर नैराश्य, भावनिक अडचणी किंवा एकूण मनःस्वास्थ्य यांत सजगतेचा वेगळा फायदा दिसला नाही. मग आपण एवढा आग्रह का धरायचा?

पंचगंगाकाठ

कागलकर, हा मुद्दा आला ते फार बरं झालं. तो प्रयोग प्रत्येक शाळेनं लक्षात ठेवायला हवा. त्यात बहुतेक मुलांनी घरी सराव जवळजवळ केलाच नाही, आणि बऱ्याच जणांना तास कंटाळवाणे वाटले. ज्यांना आधीपासून मानसिक त्रासाचा धोका जास्त होता, त्यांच्या बाबतीत तर काही मोजमापांत निकाल किंचित उलटा आला. यातून मी तीन गोष्टी घेते. सगळ्या वर्गाला एकच बसून-डोळे-मिटून पद्धत सक्तीनं लावायची नाही. आधीच खूप बेचैन असलेल्या मुलाला "मनात काय चाललंय ते बघ" असं सांगून एकटं सोडायचं नाही. आणि योगाच्या तासामुळं वर्गातली दादागिरी, मार, पाठांतराची टांगती तलवार यांकडं दुर्लक्ष करायचं नाही. मुलाला कुणी रोज चिडवत असेल तर चिडवणं थांबवायचं असतं, त्याला श्वास शिकवून सहन करायला लावायचं नसतं.

आपल्याकडं राज्यातल्या शाळांमध्ये मित्र उपक्रमातून आनापान आहे, रोज दहा मिनिटं नैसर्गिक श्वासाकडं बघायचं. हातकणंगले तालुक्यात आळत्याच्या धम्मालयासारखी विपश्यना केंद्रंही आहेत. पद्धत स्वच्छ आहे, त्यात श्वास बदलायचा नसतो, नुसता बघायचा असतो. पण चौथीच्या खालच्या मुलांना नुसतं बघणं अवघड जातं. त्यांना हाताला काही तरी लागतं: पिशवी, भिरभिरं, गिरवायचा पंजा.

ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, ते आता लिहिते. श्वास आणि आसनं हा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे जे होतंय त्याला नाव देता येणं. मुलांना विचारलं तर दोनच उत्तरं येतात, "राग आला" नाही तर "बोअर झालं". प्रत्यक्षात रागाच्या खाली ओशाळलेपण असतं, हेवा असतो, धास्ती असते. नाव बदललं की उपाय बदलतो. ओशाळलेल्या मुलाला शांत करायचं नसतं, त्याची चारचौघांत गेलेली पत परत मिळवून द्यायची असते.

यासाठी परक्या भाषेतून भावनांचे तक्ते आणून चिकटवायची गरज नाही. मराठीत भावना शरीरात कुठं असते हे शब्दांतच आहे. पोटात गोळा येणं, पोटात कालवणं, छातीत धडधडणं, जीव टांगणीला लागणं, घशात आवंढा अडकणं, कानशिलं तापणं, हातपाय गळणं, अंगावर काटा येणं, मान खाली जाणं, तोंड एवढंसं होणं. मोठ्या कागदावर मुलाला झोपवून त्याच्या अंगाची रेघ आखून घ्या आणि हे वाक्प्रचार त्या त्या जागी लिहा. मग रोज शवासनानंतर एकच प्रश्न: "आज कुठं काय होतं?" मुलानं फक्त बोट ठेवलं तरी पुरे. शब्द दोन-तीन आठवड्यांनी येतात.

दुसरी पायरी शब्दांच्या छटांची. चिडचिड, संताप, रुसवा, त्रागा हे चार वेगळे आहेत. रुसवा धरणाऱ्याला कुणी तरी समजूत काढायला यावं असं वाटत असतं, चिडचिड करणाऱ्याला कुणी जवळही यायला नको असतं. दोघांना एकच "जा, पाच श्वास घेऊन ये" लागू पडत नाही. तशीच भीती, धास्ती, घालमेल, हुरहुर. सहामाहीच्या आदल्या रात्री घालमेल असते, तिला हालचाल लागते: दहा सूर्यनमस्कार किंवा अंगणात फेऱ्या. हुरहुर संध्याकाळची असते, तिला माणूस लागतं. मूल "कसंतरी होतंय" म्हणालं तर लगेच आपला शब्द त्याच्या तोंडात घालू नका. दोन शब्द समोर ठेवा आणि थांबा: "घालमेल होतेय, का ओशाळल्यासारखं वाटतंय?" दोन्ही नसेल तर ते सांगेल.

गुळव्या

सजग खाण्याच्या व्यायामात बेदाणा वापरतात असं सगळीकडं लिहिलेलं असतं. आपल्याकडं गुळाचा खडा घ्यावा, हरभऱ्याएवढा. बेदाणा मुलं चावून गिळतात आणि मोकळी होतात, गूळ विरघळायला वेळ लागतो. आधी तळहातावर ठेवून रंग बघायचा, उजेडाकडं धरायचा, बोटानं खरखर बघायची, वास घ्यायचा. मग जिभेवर ठेवायचा आणि चावायचं नाही. गोडी आधी कुठं लागते, मागून खारट लागतं का, घशात उब कधी येते, हे मनात टिपायचं. पूर्ण विरघळायला दीड-दोन मिनिटं जातात. तेवढा वेळ आठ वर्षांचं पोर एका गोष्टीवर लक्ष धरून बसलं म्हणजे काम झालं.

गूळ काळसर, चांगला कढलेला घ्या. फार पिवळाधमक, चकचकीत गूळ बिनचवीचा गोड लागतो, त्यात मुलांना शोधायला काही राहत नाही. मधुमेही मूल असेल तर चिंचेचं बोटूक किंवा डाळिंबाचा दाणा.

उचगावची

माझा प्रश्न नेमका त्या क्षणाचा आहे. पाच वर्षांचं मूल जमिनीवर लोळतंय, लाथा मारतंय. तेव्हा काय करायचं? सराव वगैरे सगळं नंतर.

पंचगंगाकाठ

ताई, त्या क्षणी मुलासाठी काहीच शिकवणं नाही. तुमच्यासाठी आहे. आधी तुमचे दोन श्वास लांब सोडा, आवाजासकट, मुलाला ऐकू जाईल असे. खाली बसा, मुलाच्या उंचीला या, पण तोंडासमोर नको, थोडं बाजूला. आजूबाजूचं टोकदार, फुटणारं हलवा. एकच छोटं वाक्य: "मी इथं हाय." प्रश्न विचारू नका, "का रडतोस?" याचं उत्तर त्याच्याकडं नसतं. लाथ लागत असेल तर हातभर मागं सरका, मनगटं धरून ठेवू नका, त्यानं झटापट वाढते. मारणं-फेकणं चालणार नाही हे शांतपणे, एकदाच सांगा.

लाट ओसरायला लागली की श्वासात हुंदके येतात. तो तुमचा क्षण. पाणी द्या, शक्यतो स्ट्रॉनं. चोखणं आणि गिळणं श्वासाला आपोआप लय देतं. मांडीवर येत असेल तर पाठीवरून मानेपासून कमरेकडं हात फिरवत सावकाश गुणगुणा. भ्रामरीच आहे ती, फक्त तुम्ही करायची.

आणि एक करू नका: "शांत हो नाही तर योगा करायला लावीन" किंवा भांडण झालं म्हणून कोपऱ्यात शवासन. शिक्षा म्हणून दिलेलं आसन मूल पुन्हा कधी मनानं करत नाही. शांत बसायचा कोपरा करायचाच असेल तर मूल स्वतःहून जाईल असा करा: घोंगडं, उशी, भिरभिरं, पाण्याची बाटली. जायचं-यायचं त्याच्या मर्जीनं.

चिखलीकर

पुराचं बोलूया. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै बघितलेली मुलं आता मोठी झालीत, पण पाऊस दोन दिवस लागून राहिला की काहींची झोप जाते. त्यांना डोळे मिटून पावसाचा आवाज ऐका असं सांगितलं तर?

पंचगंगाकाठ

अजिबात नको. चांगलं विचारलंत, कारण हीच चूक सगळ्यात जास्त होते. पाण्याचा आवाज, लाटांची रेकॉर्डिंग, "तुम्ही नदीकाठी आहात" असं कल्पनाचित्र आपल्याकडच्या पूरग्रस्त भागातल्या मुलांना देऊ नये. अंगाच्या एकेका भागावरून लक्ष फिरवत नेण्याचा प्रकारही सावकाश. आत बघितलं की काहींना ती रात्रच आठवते. अशा मुलांचं लक्ष बाहेर, आत्ता, इथं ठेवायचं. डोळे उघडे. पाच दिसणाऱ्या वस्तूंची नावं, चार हाताला लागणाऱ्या, तीन आवाज (पाऊस सोडून), दोन वास, एक चव. पाठ भिंतीला टेकलेली, तळवे जमिनीला दाबलेले. शवासनाऐवजी भिंतीला टेकून बसणं, आणि दाराकडं तोंड.

यासोबत खरी माहिती लागते, नुसता धीर पुरत नाही. सातवी-आठवीच्या मुलाला सांगा की राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. आज पाणी किती आहे ते दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, मोठ्यांसोबत बघायचं. दर दहा मिनिटांनी ग्रुपवरचे व्हिडिओ बघत बसलेल्या मुलाचा कुठलाही श्वासाचा व्यायाम टिकत नाही. निघावं लागलं तर पिशवीत काय काय घ्यायचं याची यादी मुलाच्या हातानं लिहून घ्या: वह्या, औषधं, बॅटरी, एक आवडीची वस्तू. जनावरं कुठं न्यायची ते त्यालाही माहीत असू दे. पुष्कळ मुलांना स्वतःपेक्षा म्हशीची काळजी जास्त असते. हाताला काम मिळालं की धास्ती कमी होते, मग श्वास उपयोगी पडतो.

बालरोग_शाहूपुरी

योगावर थांबायचं नाही, कुणाला तरी दाखवायचं, अशी लक्षणं लिहून ठेवतो. दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक बिघडलेली, वजन उतरलेलं. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालेलं. शाळेला जायला सतत नकार. ज्या खेळात जीव होता तो खेळ सोडून दिलेला. "मी नसतो तर बरं झालं असतं" असं एकदा जरी मूल बोललं, तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी. सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) मानसोपचार विभाग आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मुलावर घरी-दारी अत्याचाराची शंका असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

औषध चालू असलेल्या मुलाचं औषध योग सुरू केला म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. अतिचंचलतेच्या मुलांना आसनांचा फायदा होऊ शकतो, पण उपचाराच्या जोडीनं.

सहावी_ब

शेवटचे दोन प्रश्न. काही पालकांना ओम म्हणायला अडचण वाटते. आणि डोळे मिटायला नकार देणारी चार-पाच मुलं आहेत.

दुसरं, मी सहा आठवड्यांचा आराखडा केलाय. पहिला आठवडा बाक दाबणं आणि पंजा, दुसरा वृक्षासन, तिसरा भ्रामरी, चौथा अंगाचा नकाशा, पाचवा गूळ, सहावा सगळं मिळून. बरोबर आहे का?

पंचगंगाकाठ

ओमऐवजी नुसता 'म्', ओठ मिटून. श्वास लांबतो तो गुणगुणण्यानं, कुठल्या अक्षरानं नाही. कुठल्याच घराला परकं वाटता कामा नये. डोळे मिटायची सक्ती कधीच नको. "नजर बाकावर खाली ठेवा" पुरे.

आराखड्यात एक बदल. प्रत्येक आठवड्याला नवीन काही घालू नका. बाक दाबणं आणि पंजा सहाही आठवडे रोज, त्याच वेळी, त्याच क्रमानं. बाकीचं सगळं शुक्रवारी एकदा. मुलं तिसऱ्या आठवड्यात "परत तेच?" म्हणतील. तेव्हा सोडू नका. त्यांतल्याच एकाला पुढं उभं करून त्याच्याकडून वर्गाला करवून घ्या, आणि रोज वेगळं मूल. सगळ्यात दंगा करणाऱ्याचा नंबर पहिल्या आठवड्यातच लावा.

सहावी_ब

लावतो. त्याचं नाव कुठलं, हे अख्ख्या शाळेला माहीत आहे. सोमवारपासून सुरू करतो, काशाची वाटी घरून आणतो.